मदत हवी आहे: आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनाचं कॉम्प्रेशन, २९० आरपीएमचे आकडे कसे वाचायचे?

नमस्कार मंडळी. ऑकलंडमध्ये जपानहून आलेली २००६ ची माझदा आरएक्स-८ बघितली आहे, मॅन्युअल, १ लाख १२ हजार किमी. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट गाडीपासून रोटरीचा (पिस्टनऐवजी तीन बाजूंचा रोटर फिरणाऱ्या इंजिनाचा) हट्ट धरून १९९१ ला ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणारी माझदासारखी दुसरी कंपनी नाही, म्हणून हीच हवी आहे. ऑइल पिते, मायलेज कमी, थंड इंजिन लगेच बंद केलं तर प्लग भिजतात, हे सगळं मालकांकडून ऐकलंय आणि मान्य आहे.

कॉम्प्रेशन (इंजिनात हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब) मोजायचा साधा गेज इथे चालत नाही, तो रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वात मोठा आकडाच दाखवतो. म्हणून रोटरीचा खास टेस्टर असलेल्या मेकॅनिककडून इंजिन गरम असताना तपासणी करून घेतली. पुढचा रोटर ७४०, ७३०, ७४० आणि मागचा ७१०, ७००, ७२० किलोपास्कल. स्टार्टर मात्र २९० आरपीएमने फिरत होता, आणि ६८० ची किमान मर्यादा २५० आरपीएमला धरलेली आहे. वेग वाढला की आकडा फुगतो. विकणारा म्हणतो, "सगळे ७०० किंवा त्याच्या वर आहेत, काय बघायचंय?"

बॅटरी नवी आहे, स्टार्टर बदललेला आहे. इंजिन उघडून बघायला तो तयार नाही. रीबिल्डसाठी माझ्याकडे पैसे नाहीत.

ज्यांनी आरएक्स-८ चं हे रेनेसिस इंजिन वापरलंय त्यांनी कृपया सांगा: २९० चे आकडे २५० ला आणले तर मागचा रोटर ६८० च्या खाली जातो का, आणि किती?