बाहेरून सिलिकॉन मारून भागणार नाही
सांगली-सातारा सामान हलवताना माशांच्या काचेच्या टाकीचा कोपऱ्यातला जोड सुटला, तर बाहेरून सिलिकॉनचा थर मारा, असं एकाने सुचवलंय. टिकणार नाही. सुकलेल्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, आणि आतलं पाणी बाहेरचा थर ढकलून सोलून काढतं. आतल्या कडेची पट्टी ब्लेडने पूर्ण खरवडा, काच ॲसिटोनने पुसा, मग व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन भरा. बाथरूमचं बुरशीरोधक नकोच, त्यातलं औषध माशांना बाधतं. ७२ तास हात लावू नका. नंतर टाकी कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून पाणी भरा. बारीक झिरपही कागदावर लगेच उमटते. काचेलाच तडा असेल तर काच बदला.

आणि बिल्टीवर (ट्रकवाल्याच्या मालाच्या पावतीवर) सही करण्याआधी तिथेच नुकसान लिहा. भरपाईची लेखी नोटीस वाहतूक कंपनीला बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते.