नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा): मॉकमध्ये ५८०, खऱ्या पेपरमध्ये ४४१. खरा आकडा कोणता?

रिपीटर_पुन्हा: लवकर सांगा, डोकं चालेनासं झालंय. क्लासच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, सलग चार वेळा ५६० ते ५८० पडले. काल घरी २०२५ चा पेपर सोडवला तर ४४१. मॉक सोपे असतात की माझंच काही चुकतंय?

बायो_आवडतं: विषयवार मार्क? मॉक कुठल्या पॅटर्नचे? वेळ किती लावली होतीस? ओएमआर, म्हणजे गोळे भरायची उत्तरपत्रिका, भरलास का?

रिपीटर_पुन्हा: पॅटर्न नीटचाच, अजून कुठला असणार! बायो २७०, केमिस्ट्री ११५, फिजिक्स ५६.

चाळीतला_अभ्यासू: २०२५ च्या पेपरवरून स्वतःला मोजू नकोस. फिजिक्सने त्या वर्षी सगळ्यांनाच घाम फोडला होता. पहिला आलेल्याला ६८६ होते, आणि २०२४ मध्ये अंतिम निकालातसुद्धा १७ जणांना पैकीच्या पैकी ७२० होते. एवढा फरक पडतो. मार्क बघू नकोस, त्या मार्कांना त्या वर्षी रँक किती आली ते बघ.

सरावच_खरा: हे पटत नाही. अवघड पेपर परत येणारच नाही असं कुणी लिहून दिलंय का? उलट त्याच पेपरवर तयारी कर. मी फक्त एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं पाच वेळा वाचली, बाकी काही नाही.

चाळीतला_अभ्यासू: एनसीईआरटी बायोला पुरते. फिजिक्सची गणितं वाचून येत नाहीत हो.

लेकीची_आई: बाळा, सोबत सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरलास का? माझ्या मुलीने भरला नव्हता आणि वर्षभर आम्ही हळहळत होतो. फार्मसीचं दार उघडं ठेव.

रिपीटर_पुन्हा: काकू, भरलाय. पण प्रश्न तो नाहीये.

बायो_आवडतं: मॉकमध्ये किती प्रश्न आणि किती मिनिटं, तेवढं सांग ना.

रिपीटर_पुन्हा: २०० प्रश्न, २०० मिनिटं. प्रत्येक विषयाच्या सेक्शन बी मध्ये १५ पैकी कुठलेही १० सोडवायचे.

बायो_आवडतं: मग तिथेच घोळ आहे. हा २०२४ पर्यंतचा पॅटर्न. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, सगळे सक्तीचे. तुझ्या मॉकमध्ये प्रत्येक विषयात पाच नकोसे प्रश्न सोडून द्यायची सोय आहे, शिवाय २० मिनिटं जास्त. ५८० आणि ४४१ ची तुलनाच होत नाही. आणि गोळे?

रिपीटर_पुन्हा: मॉक मोबाईलवर असतात. कालचा पेपर वहीवर सोडवला, गोळे भरले नाहीत. तरी फिजिक्सचे ११ प्रश्न वाचायचेच राहिले.

बायो_आवडतं: एका गोळ्याला चार सेकंद धरले तरी १८० गोळ्यांना १२ मिनिटं जातात. पेनने भरलेला गोळा खोडता येत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात ७३ व्या प्रश्नाचं उत्तर ७४ समोर भरलं आणि पुढचे सहा गोळे सरकत गेले. लक्षात आलं तेव्हा हात थरथरत होता. आता मी पान उलटायच्या आधी त्या पानाचे गोळे भरते, शेवटासाठी ठेवत नाही.

सरावच_खरा: मी सगळे शेवटी एकदम भरतो, कधी चुकलं नाही.

मराठी_माध्यम: मध्येच विचारतो, मराठी पेपर घेतलेलं कुणी आहे का? भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. पुस्तिकेत दोन्ही असतात, पण दोन्ही वाचण्यात वेळ जातो.

बायो_आवडतं: त्यासाठी वेगळा धागा काढा ना, चांगला प्रश्न आहे. रिपीटर, या रविवारी २०२३ चा पेपर घे. त्यातल्या सेक्शन बी चे पहिले दहाच प्रश्न, आवडते निवडायचे नाहीत. दुपारी २ ते ५, छापील ओएमआर, फोन दुसऱ्या खोलीत.

रिपीटर_पुन्हा: घेतला. ५१२. पानागणिक गोळे भरले, एकही सरकला नाही. फिजिक्स शेवटी ठेवलं होतं, या वेळी चारच राहिले. आता सांगा, फिजिक्स आधी घेऊ की बायोनंतर लगेच?