गाडी गॅरेजवाल्याने अडवून ठेवली आहे, सर्व्हेयर येत नाही. तातडीने मदत हवी आहे

वळणवाट
वेळ कमी आहे म्हणून थेट लिहिते. गाडीला धडक बसली, टो होऊन एका गॅरेजमध्ये गेली. आता गॅरेजवाला म्हणतो कामाला होकार द्या, नाहीतर जागाभाडं रोज चढतंय. विमा कंपनी म्हणते सर्व्हेयर बघेपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. आणि सर्व्हेयर फोन उचलत नाही! आज कळलं की बंपर आणि बॉनेट काढूनसुद्धा ठेवलंय. गाडी तिथून हलवता येते का? हलवली तर क्लेम बुडेल का? यातून गेलेल्यांनीच सांगा. "पोलिसांत जा" सांगू नका, ते केलंय.

मध्यमगती
ताई, एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही. कोणी कोणाला ठोकलं? पॉलिसी फुल आहे की फक्त थर्ड पार्टी? क्लेम नंबर मिळाला का? गॅरेज तुम्ही निवडलं की टोवाल्याने?

जुनाजाणता
क्लेमच्या भानगडीत पडूच नका. चूक समोरच्याची असेल तर त्याच्याकडून रोख घ्या, दोन ओळी लिहून द्या आणि ओळखीच्या मेकॅनिककडून डेंटिंग-पेंटिंग करून घ्या. नो क्लेम बोनस वाचतो, डोक्याचा ताप वाचतो. मी आयुष्यभर असंच केलं.

वळणवाट
@मध्यमगती, बाजूच्या रस्त्याने आलेल्या गाडीने आमच्या डाव्या बाजूला पुढच्या चाकापाशी ठोकलं. चूक त्यांची, तिथेच कबूल झाले. पॉलिसी फुल आहे, क्लेम नंबर आहे. गॅरेज आम्ही निवडलं नाही. टोवाला न बोलावताच आला आणि "आमचंच गॅरेज आहे, लगेच लावून देतो" म्हणाला. गाडी भाऊ चालवत होता. तो हादरलेला होता, त्याच्यापुढे कागद धरला आणि सही घेतली. त्या कागदाची प्रत आमच्याकडे नाही. पण माझा प्रश्न गाडी हलवण्याचा आहे, त्यावर कोणी बोलेल का?

हिशेबनीस
प्रश्नाचं उत्तर त्या कागदातच आहे, म्हणून विचारतायत सगळे. मी मोटार क्लेमचं काम बरीच वर्षं केलंय.

टोवाल्याच्या एकाच कागदावर बऱ्याचदा दोन गोष्टी असतात. वर गाडी उचलायची परवानगी आणि खाली बारीक अक्षरात दुरुस्तीचीही परवानगी. आधी प्रत मागा, तीही लेखी. लगेच दुसरा मेसेज पाठवा की सर्व्हे होईपर्यंत कोणतंही काम करायला आमची संमती नाही, आधी काही दिली गेली असेल तर ती मागे घेत आहोत. फोनवर भांडू नका, फोनवरचं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही.

आता विमा कंपनीला ईमेल. क्लेम नंबर, गाडी कुठे उभी आहे, भाडं कधीपासून आणि कोणत्या दराने चढतंय, सर्व्हेयरला कधी कधी फोन केले, सगळं त्यात हवं. शेवटी स्पष्ट लिहा की तुमच्या उशिरामुळे चढणारं भाडं आम्ही देणं लागत नाही, गाडी हलवायची असेल तर तुम्ही हलवा, नाहीतर आम्हाला तसं लेखी कळवा. कंपन्यांचे स्वतःचे टो आणि स्वतःची आवारं ठरलेली असतात. पण त्यांना भाड्याचा आकडा दिसेपर्यंत हालचाल होत नाही.

क्लेम बुडण्याबद्दल: नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाची जबाबदारीच असते, त्यामुळे भाडं चढतंय म्हणून गाडी दुसरीकडे नेली एवढ्याने क्लेम जात नाही. न कळवता नेली आणि सर्व्हेयर रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहिला, तर मात्र अडचण होते. आधी कळवा, नवा पत्ता द्या, मग हलवा.

आणि @जुनाजाणता, तुमचा सल्ला इथे फार महागात पडेल. विमा कंपनी भरपाई देते तेव्हा दोषी माणसाकडून ती वसूल करायचा हक्क तिच्याकडे जातो. यांनी समोरच्याला "आमचं काही घेणं नाही" असं लिहून दिलं की तो हक्क संपला, आणि त्याच कारणावर कंपनी यांना नकार देऊ शकते. कंपनीला विचारल्याशिवाय समोरच्याशी कसलाही कागद करू नका.

जुनाजाणता
कंपन्यांची बाजू घेणारे नेहमी हेच सांगतात. माझं एकदाही बिघडलं नाही. आणि खरं सांगू का, आजच्या गाड्या पत्र्याच्या डब्यासारख्या. जुन्या गाडीला अशी धडक बसली असती तर नुसता पोचा आला असता.

पाना-पक्कड
काका, आदर ठेवून सांगतो, हे चूक आहे. पुढचा भाग चुरगळावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. धडकेचा जोर तो पत्रा खातो, माणसापर्यंत कमी पोचतो. बेला बरेनी या इंजिनियरची ही कल्पना, १९५९ च्या मर्सिडीजमध्ये प्रत्यक्षात आली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर आदळवून पाहिली. जुन्या गाडीची केबिनच आत घुसली. नवीनचं तोंड गेलं, पण चालकाची जागा शाबूत राहिली.

वळणवाटताई, मी बॉडीशॉपमध्ये काम करतो. बंपर काढला म्हणजे लबाडीच, असं समजू नका. त्याच्या मागे आडवी पट्टी असते, रेडिएटरचा सांगाडा असतो, ते उघडल्याशिवाय दिसत नाही. पण उघडायचं ते सर्व्हेयरच्या समोर. आता काढलेले भाग फेकू देऊ नका. ते गाडीशेजारी ठेवून, नंबर प्लेट दिसेल असे फोटो आजच काढा. चेसिस नंबर, किलोमीटरचा आकडा, डॅशबोर्डवरचे दिवे, सगळ्यांचे फोटो. नंतर आतून आणखी काही निघालं तर पुरवणी एस्टिमेट मंजूर करून घेता येतं, पण ते काम करण्याआधी. केल्यावर मागितलं की सर्व्हेयर हात वर करतो.

एअरबॅग उघडल्या का? आणि गाडी टो कशी केली, प्लॅटफॉर्मवर चढवून की चाकं उचलून?

आकाशकंदील
टोचा विषय निघालाच आहे तर, पहिला टो ट्रक १९१६ मध्ये अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने अमेरिकेत चॅटानूगा गावी बनवला. ओढ्यात पडलेली गाडी बाहेर काढताना दोर आणि ठोकळ्यांनी दमछाक झाली, म्हणून जुन्या कॅडिलॅकवर साखळी, कप्पी आणि खांब बसवले. तिथे आता टो ट्रकचं संग्रहालय आहे. मला हा विषय फार आवडतो.

वळणवाट
माहिती छान आहे पण आत्ता नको, प्लीज.
@पाना-पक्कड, एअरबॅग उघडल्या नाहीत. पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर ओढत नेली, भावाच्या फोनमध्ये फोटो आहे. त्याने काय फरक पडतो?

पाना-पक्कड
गाडी ऑटोमॅटिक आहे का? ताकद कोणत्या चाकांना जाते?

वळणवाट
ऑटोमॅटिक. चारही चाकांना.

पाना-पक्कड
मग फरक पडतो, आणि मोठा पडतो. हे आधी सांगायला हवं होतं. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकांवर ओढायचीच नसते. मागची चाकं फिरतात, पुढची हवेत स्थिर, त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा मधला क्लच किंवा डिफरन्शियल तापतं. त्यात इंजिन बंद, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचा पंपही बंद. नुकसान झालंच असेल असं नाही, पण तपासायला सांगा. भावाच्या फोनमधला तो फोटो जपा, मूळ फाइल, फॉरवर्ड केलेली नाही.

हिशेबनीस
आणि ते धडकेच्या नुकसानीत मिसळू नका. वेगळ्या मुद्द्यात लिहा की ओढून नेताना झालेलं संभाव्य नुकसान तपासावं. तो दोष टोवाल्याचा. हाच मुद्दा भाड्याच्या वाटाघाटीत उपयोगी पडेल.

मध्यमगती
माझा अनुभव वेगळा. मी भाडं भरलं आणि गाडी सोडवली, दुसऱ्याच दिवशी सर्व्हेयर आला. अडून बसण्यात अर्थ नाही.

हिशेबनीस
भरायला हरकत नाही, पण पावतीवर "हरकत नोंदवून भरत आहे" असं लिहून घेतलं पाहिजे. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवायचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला बऱ्याच देशांत कायद्याने मिळतो. न सांगता केलेल्या कामाचे आणि मनाला येईल त्या भाड्याचे पैसे मागणं वेगळं. म्हणून टो, भाडं, मजुरी यांचं वेगवेगळं बिल मागा, एकच गोळा आकडा घेऊ नका.

केशरीसांज
कोणी विचारलं नाहीये, तरी विचारते. गाडीत लहान मुलाची सीट होती का?

वळणवाट
हो, मागे डाव्या बाजूला. भाची तेव्हा गाडीत नव्हती. सीट अजून गाडीतच आहे, तिला काही झालेलं दिसत नाही. भावाने उद्या ती काढून आणायचं ठरवलंय, दुसऱ्या गाडीत लावायला.

केशरीसांज
आणा, पण वापरू नका. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था एनएचटीएसए म्हणते की धडक किरकोळ असेल तरच तीच सीट पुन्हा वापरावी. किरकोळ म्हणजे गाडी स्वतः चालवत नेता आली, सीटजवळचं दार शाबूत, कोणाला इजा नाही, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि सीटवर काही दिसत नाही. यातली प्रत्येक अट पूर्ण व्हायला हवी. तुमची गाडी टो करावी लागली, इथेच पहिली अट गेली. प्लॅस्टिकमधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

पाना-पक्कड
पूर्ण सहमत. गाडीच्या डावीकडच्या सीटबेल्टचे ताणकही, म्हणजे धडकेत पट्टा झटक्यात घट्ट ओढणारे भाग, बघायला सांगा, ते एकदाच काम करतात.

वळणवाट
हे माहीतच नव्हतं. भावाला आत्ताच सांगितलं. सीट क्लेममध्ये धरतात का?

हिशेबनीस
पॉलिसीच्या शब्दांवर आहे, काही धरतात. समोरच्याच्या विम्याकडूनही मागता येते. खरेदीची पावती शोधा आणि सीट गाडीत बसवलेल्या अवस्थेतच तिचे फोटो घ्या, मागे उत्पादन तारखेचं लेबल असतं त्याचासुद्धा. आधी फोटो, मग काढा.

वळणवाट
ईमेल आणि मेसेज दोन्ही पाठवले. कंपनीचं उत्तर आलं, सर्व्हेयर बदलून दिलाय, उद्या सकाळी येतो म्हणाला. टोच्या कागदाचा फोटो गॅरेजवाल्याने पाठवला, खाली खरंच दुरुस्तीची ओळ आहे. पण तिच्यापुढे सही नाही, सही फक्त वरच्या भागात आहे.

हिशेबनीस
मग त्या फोटोची प्रिंट काढून उद्या सोबत न्या, आणि सर्व्हेयर असतानाच गॅरेजवाल्याला दाखवा.