कॅरेक्टर ‘खेळायचं’ म्हणजे नक्की करायचं काय? (बेळगाव, नवा ग्रुप, सल्ला हवा)

रविवारचा_डीएम:
नमस्कार मंडळी. टिळकवाडीत आम्ही पाच जण दोन महिने दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतोय (टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एक कॅरेक्टर म्हणजे पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायचा खेळ). डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि बाकी सगळं जग चालवणारा, मीच. नियम अंगवळणी पडलेत, पण सगळा खेळ “मी मारतो, किती लागलं, पुढचा” एवढ्यावरच. एक जण गणेशोत्सवातल्या नाटकांत काम करणारा. तो घसा खरवडून म्हाताऱ्या मांत्रिकाचा आवाज काढतो आणि थांबता थांबत नाही. दुसरी आमची निपाणीची मैत्रीण. तिचा चोर सहा रविवार मिळून चार वाक्यं बोलला असेल. परवा म्हणाली, “मला ॲक्टिंग येत नाही, मी सोडते.” ती जायला नकोय. काय करू? गेमच बदलू का?

रानमेवा_खानापूर:
सोडू देऊ नका ओ तिला. आवाज काढणं ही रंगरंगोटी झाली. कॅरेक्टर खेळणं म्हणजे त्या माणसाला जेवढं ठाऊक आहे तेवढ्यावरच, त्याला जे हवंय त्यासाठी निर्णय घेणं. 2014 च्या प्लेयर्स हँडबुकात (खेळाडूंचं नियमपुस्तक) दोन्ही रीती दिल्यात (त्याच वर्षी बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणून साल पक्कं लक्षात आहे). एक, ‘मी’ होऊन बोलायचं. दुसरी, ‘तो’ काय करतो ते सांगायचं. “माझा चोर नजर चुकवतो आणि भाव दुप्पट सांगतो,” हे वाक्य झालं की रोलप्ले, म्हणजे कॅरेक्टर खेळणं, झाला. संवाद नाही म्हटला तरी चालतो की.

आमच्या टेबलावरचं सांगतो. ट्रोल (खेळातला एक राक्षस) आला. खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत, की आगीनं किंवा ॲसिडनं भाजल्याशिवाय त्याच्या जखमा भरतच राहतात. पण एकाचं कॅरेक्टर गवळ्याचा पोर, कधी गावाबाहेर न पडलेला. त्याच्या हातात मशाल होती. ती त्यानं खाली ठेवली! का, तर तलवार दोन्ही हातांनी धरायला. आम्ही सगळे बोंबललो. तो गप्प. दोन राउंडनंतर झटापटीत मशाल लाथाडली गेली, ट्रोलचा पाय भाजला, आणि मग त्या पोराच्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या लढाईत त्याचं बोलणं एवढंच, “मशाल ठेवतो.” त्याच्याइतकं कॅरेक्टर आमच्यात कुणी खेळलेलं नाही.

अशा वेळी इन्स्पिरेशन (चांगल्या खेळाबद्दल डीएमनं द्यायचं बक्षीस) द्या. 2014 च्या नियमांत ते वापरलं की वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. नुसत्या आवाजाला मात्र देऊ नका, नाहीतर तुमचा नाटकवालाच सगळं घेऊन जाईल.

फासेपारधी:
मारामारी चालली म्हणून एवढं वाईट वाटून घेऊ नका. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये आला तोच वॉरगेममधून, म्हणजे पटावर सैन्य लढवायच्या खेळातून. पलटण हलवणाऱ्याच्या हाती एकच माणूस दिला, आणि त्या एकाला काय वाटतं हा प्रश्न आपोआप आला.

आणि लाजाळू माणसाला करिष्म्याचं (बोलून लोकांवर छाप पाडण्याचा गुण) कॅरेक्टर घेऊ द्या. ज्याच्या कॅरेक्टरची ताकद 18, म्हणजे भरपूर, त्याला आपण कुठं टेबल उचलून दाखव म्हणतो? पहारेकऱ्याला काय आमिष दाखवणार तेवढं तिनं सांगावं, गोड बोलायचं काम फाशाचं.

कॅम्पातला_एल्फ:
आमच्यात एकाचा योद्धा सहा महिने मुका होता. नंतर कळलं, पठ्ठ्या मोबाइलवर मॅच बघत होता 😄

वडगावकर_ताई:
भाषेचंही बघा जरा. आमच्या टेबलावर दोघं घरी कन्नड बोलणारे, तिघं मराठी. सुरुवातीला सगळे मोडक्या इंग्रजीत बोलायचे, त्यामुळं सगळी कॅरेक्टरं सारखीच. मग ठरवलं, ज्याला ज्या भाषेत राग येतो त्या भाषेत त्यानं बोलायचं. पहिल्याच दिवशी एक म्हातारी जादूगारीण कन्नडमध्ये अशी कडाडली की समजून सांगायची गरजच पडली नाही. एक पथ्य मात्र पाळतो: गोब्लिनांना आणि राक्षसांना शेजारच्याची भाषा द्यायची नाही. गंमत म्हणून सुरू होतं, आणि आपल्या भागात कुठं जाऊन थांबेल सांगता येत नाही.

दादा, तिला “कॅरेक्टरबद्दल सांग” म्हणू नका. एवढा मोठा प्रश्न ऐकून कुणीही गप्प होईल. “तुझा चोर कशाला घाबरतो?” एवढंच विचारा.

रविवारचा_डीएम:
सगळ्यांचे आभार. ताई, हेच विचारतो. आणि दुसऱ्या गेमचं काय?

फासेपारधी:
फियास्को, 2009 चा. तीन ते पाच जण, एक संध्याकाळ, डीएम नाही. साध्या माणसांचं मोठ्या हावेपायी वाटोळं होण्याचा खेळ. पण तिथं प्रसंग समोरासमोर बोलून उभे करायचे असतात, तिला आत्ताच जड जाईल. आणखी दोन-तीन महिने थांबा.

रविवारचा_डीएम:
काल विचारलं. ती पटकन म्हणाली, “कुत्र्याला.” मग मी खेळातल्या वाड्याच्या आवारात एक कुत्रा बांधला. ती टेहळणीला गेली, मी कुत्रा भुंकवला. जरा थांबून म्हणाली, “तो कुंपणावरनं मागे फिरतो आणि बाकीच्यांना सांगतो, आत पंचवीस पहारेकरी आहेत.”

पहारेकरी दोनच होते! कुत्र्याचं भुंकणं उरलेल्या तिघांनी ऐकलेलं, तिचं तोंड बघून हसलेही. तरी पंचवीस धरूनच तासभर बेत आखला. शेवटी मांत्रिकानं, त्याच घोगऱ्या आवाजात, वाड्याच्या मागून भुयार खणायचं ठरवलंय. पुढच्या रविवारी खणायला सुरुवात.