व्हेंटिलेटरचा निर्णय कोणी घ्यावा?

चर्चेचा प्रस्ताव : एक मुलगा, दादर

कोविडच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये पहाटे अडीच वाजता रुग्णालयातून फोन आला. मास्क लावूनही माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांचा प्राणवायू वर येत नव्हता आणि व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे मला लगेच सांगायचे होते. मी ‘लावा’ म्हणालो, कारण ‘नको’ म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. अकरा दिवसांनी ते गेले. आमच्या हाती एका पिशवीत त्यांचा चष्मा आणि कवळी आली. ती कवळी पाहताना जाणवले की, दोन दिवस आधी ते व्यवस्थित बोलत असताना त्यांना स्वतःला कोणीच काही विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये सामावलेला असल्याचे मान्य केले. मग साथीच्या काळात गंभीर रुग्ण दाखल होतानाच, तो बोलू शकतो तोवर, त्याची इच्छा विचारून केसपेपरवर का लिहू नये?

प्रतिसाद : एक सून, लालबाग

आपल्या दुःखाविषयी पूर्ण आदर राखून मी विरोध नोंदवते. त्याच महिन्यात माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाईंसाठी आम्ही महापालिकेच्या वॉर्डाच्या वॉर रूमला, म्हणजे खाटा मिळवून देणाऱ्या कक्षाला, दिवसभर फोन लावत होतो, तेव्हा कुठे रात्री खाट मिळाली. त्या वेळी त्यांना हा प्रश्न विचारला असता, तर त्यांचे उत्तर मला पाठ आहे : “माझं काय राहिलंय आता? एखाद्या लेकुरवाळीला द्या ती खाट.” सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते आपले, असा ज्या बाईचा जन्मभराचा शिरस्ता, तिने खाटांच्या टंचाईत दिलेले उत्तर ही तिची इच्छा नसते, ती भीड असते. त्या नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होत्या आणि आज चाळीचे दोन जिने स्वतः चढतात.

मार्च २०२० मध्ये इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने, अतिदक्षता विभागातील प्रवेशासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकते, असे निदान उघडपणे लिहिले होते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना दारातच हा प्रश्न विचारण्याचा पायंडा पडला, तर तीच मर्यादा कुठेही न लिहिता लागू होईल.

प्रतिसाद : अतिदक्षता विभागातील डॉक्टर, परळ

येथे दोन प्रश्नांची गल्लत होत आहे. यंत्र हवे की नको, हा रुग्णाचा प्रश्न आहे. यंत्र एक आणि रुग्ण दोन असतील तर ते कोणाला द्यायचे, हा व्यवस्थेचा. दुसऱ्या प्रश्नाची सोडवणूक पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून कधीही करू नये. १७ एप्रिल २०२१ च्या सुमारास प्राणवायू अपुरा पडू लागला, तेव्हा महापालिकेने साठा संपण्याची वाट न पाहता सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण दुसरीकडे हलवले. टंचाईचे उत्तर असे व्यवस्थेने द्यायचे असते.

२०१८ चा निकाल आणि २०२३ मध्ये सोपी केलेली, जीवरक्षक उपचार थांबवण्याची त्याची प्रक्रिया प्रामुख्याने बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णांसाठी आहे. त्यासाठी दोन वैद्यकीय मंडळांचे मत लागते. कोविडचा रुग्ण पहिल्या दिवशी त्यात बसत नाही. मात्र शुद्धीवर असलेला प्रौढ रुग्ण उपचार नाकारू शकतो, आणि तेव्हा त्याला एक गोष्ट सांगायलाच हवी : व्हेंटिलेटर नको म्हणजे उपचार बंद, असे नव्हे. प्राणवायू चालू राहतो, पालथे झोपवता येते आणि धाप असह्य झाली तर मॉर्फिनच्या लहान मात्रेने ती सुसह्य करता येते. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात कर्करोगाच्या रुग्णांची अशी शुश्रूषा १९८६ पासून होत आली आहे. माझ्या कक्षात मात्र त्या महिन्यांत हे समजावून सांगण्याइतका वेळ रात्रपाळीच्या कोणाकडेही नव्हता, ही खंत मला आजही आहे.

प्रस्तावकाचे उत्तर

भिडेचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून हा प्रश्न आधी घरी, माणूस धडधाकट असतानाच विचारला जावा, अशी दुरुस्ती मी करतो. पण घरी विचारले नसेल, तर रुग्णालयाने तरी विचारावे, हा आग्रह मी सोडणार नाही, कारण न विचारल्याने तो निर्णय टळत नाही, तो पहाटे अडीच वाजता फोनवर असलेल्या एकट्या माणसावर येऊन पडतो.

प्रतिसाद : लालबागची सून

काल सासूबाईंना भाजी निवडताना विचारले. मला वाटले होते तेच उत्तर येईल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा तसं झालं तर नळी नको. घसा कोरडा पडला होता आणि पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.” मी ते तारीख घालून लिहून घेतले आणि त्यांनी चष्मा लावून, वाचून, सही केली. दारातल्या प्रश्नाला माझा विरोध अजूनही कायम आहे.