शेवटचे चार किलो हटत नाहीत, खाण्यात नेमकं काय बदलू?

खडीसाखर
नमस्कार मंडळी. वय ४४, उंची ५ फूट २ इंच, वजन ६१. आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ च्या आत हवा म्हणतात, म्हणजे मला ५७ वर यायला हवं. कंबर ८४ सेंमी आहे, बायकांसाठी ती ८० च्या आत हवी. थायरॉइड, साखर सगळं तपासून झालंय, नॉर्मल आहे. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायला जाते.

खाणं असं: सकाळी चहा आणि वाटीभर पोहे किंवा उपमा, शाळेत डब्यात दोन पोळ्या-भाजी, रात्री अर्धी भाकरी, आमटी, थोडा भात. सोमवार आणि संकष्टी धरते. माझं ताट बघून कुणीही म्हणेल, ही बाई उपाशी राहते. काटा मात्र ६१ च्या खाली यायला तयार नाही.

डॉ. दीक्षितांच्या डाएटची दोन जेवणं करून पाहिली. डोकं ठणकतं आणि चारच्या सुमारास मी माणसांत राहत नाही. ओट्स, चिया, पावडरी सुचवू नका. घरात सासूबाई ७८ वर्षांच्या, मुलगा दहावीत, दोन स्वयंपाक मला जमणार नाहीत. आहे त्याच जेवणात काय हलवू?

रोखठोक
दीक्षित नीट केलं असतं तर हा धागाच निघाला नसता. दिवसात दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत. मधे पाणी, पातळ ताक, नाहीतर बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा. तुम्ही मधे दुधाचा चहा ढकलला असणार, पैज लावतो.

माजघर
रोखठोक, ज्याला मानवतं त्याने करावं. डोकं दुखत असताना कुणी किती दिवस करणार?

खडीसाखर ताई, ताट तुमचं ठीकच आहे. मला ताटाबाहेरचं सांगा. शाळेत चहा किती होतात? मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी कोण संपवतं? दाणे भाजले की कूट होईपर्यंत त्यातले मूठभर कुठे जातात? भाजलेले दाणे १०० ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरीचे असतात. मूठ ३० ग्रॅमची धरली तरी दीडशेच्या वर गेलं, आणि आपल्या हिशेबात ते ‘खाणं’ नसतंच.

दुसरं तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे साधं माप, म्हणजे चौघांना दोन लिटर. तुमचा पाच लिटरचा डबा किती दिवस टिकतो ते बघा. मी बरणीतून थेट कढईत ओतणं बंद केलं. सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत काढते, फोडणी, पोळीला लावायचं, सगळं त्यातूनच. पहिल्या आठवड्यात दुपारीच वाटी रिकामी व्हायची, मग रात्री भाजी वाफेवर. आमच्याकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त वांग्याच्या कापांना पूर्वीची चव नाही, ते खरंय.

तिसरं, तुमच्या डब्यात प्रथिनं कुठे आहेत? पोळी-बटाट्यावर चार वाजता भूक लागणारच. एक पोळी कमी करून मटकीची किंवा चवळीची उसळ वाढवा, खात असाल तर उकडलेलं अंडं. उसळ घरातले सगळेच खातील, वेगळा स्वयंपाक नको.

आणि काट्यावर रोज चढू नका. लग्नाचं जेवून आलं की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसतं. ते बहुतेक मीठ आणि त्याने धरलेलं पाणी. किलोभर चरबीला ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज २०० वाचवल्या तर चार किलोंना पाचेक महिने, प्रत्यक्षात थोडे जास्तच, कारण अंग हलकं झालं की खर्चही घटतो. महिन्यात चार किलो सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

डोंगरवाट
सहमत. एक भर: चाळिशीनंतर स्नायू घटतात. नुसतं चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा बैठका, भिंतीला टेकून जोर, असं काहीतरी करा. वजनापेक्षा कंबर मोजा, टेप बेंबीच्या जवळून, श्वास सोडून. पोट आत ओढून नव्हे. 😀

खडीसाखर
रोखठोक, पैज जिंकलात. शाळेत रोज चार चहा होतात, टपरीवरून येतात, गोडमिट्ट. कपाला दोन चमचे साखर धरली तरी ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी नुसत्या साखरेच्या. आजपासून दोन, आणि ते घरून थर्मासमध्ये नेणार. शिपाईकाका नाराज होतील, बघू.

तेलाचं ह्यांना विचारलं, तेच आणतात. म्हणाले, डबा महिनाभर ‘आरामात’ जातो. आम्ही चौघं! वाटी उद्यापासून.

आता अडचण उपासाची. सासूबाई साबुदाण्याच्या खिचडीशिवाय उपास मानत नाहीत आणि ‘दिवसभर काही नाही पोटात’ म्हणत ताटात दोनदा वाढतात.

माजघर
खिचडी करा, त्यांना कशाला दुखवायचं. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्याला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं नावाला. स्वतः वाटीत घ्या, ताटात नको. बटाटा गाळा, कूट निम्मं, सोबत दही आणि काकडी. पुढच्या सोमवारी भगर करून बघा, ती निदान चावून खावी लागते. आणि संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवायचंच असतं, त्यामुळे संध्याकाळचे वेफर्स आणि राजगिऱ्याचा लाडू आधी बंद.