मस्ट, शुड, शॅल, हॅव टू: 'पाहिजे'साठी इंग्रजीत नक्की काय लिहायचं?

चाकणचा_क्वालिटीवाला

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. मशीनपाशी लावायच्या वर्क इन्स्ट्रक्शन आम्ही मराठी आणि इंग्रजी दोन्हीत ठेवतो. मराठी पान ऑपरेटरसाठी, इंग्रजी पान ऑडिटर आणि कस्टमरसाठी. मराठीची अडचण नाही. 'गॉगल घातलाच पाहिजे' लिहिलं की विषय संपला. इंग्रजीत मात्र एकाच पानावर कुठे शुड, कुठे मस्ट, कुठे शॅल, कारण दरवेळी लिहिणारा वेगळा. परवा ऑडिटरने 'ऑपरेटर शुड वेअर सेफ्टी गॉगल्स' या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ही सक्ती की सल्ला?

साहेब म्हणतात सगळीकडे शॅल घाला. सहकारी म्हणतो मस्ट जास्त कडक. मला नियम पाठ करायचा नाही, समजून घ्यायचाय. ही तीन वाक्यं इंग्रजीत कशी जातील?

दर तासाला पाच नग तपासावेत.
मशीन चालू असताना गार्ड उघडायचा नाही.
पाळीच्या सुरुवातीला टॉर्क तपासायला हवा होता. (हे कस्टमरच्या तक्रारीला द्यायच्या उत्तरातलं आहे.)

भाषांतरवाली_ताई

दादा, मी कारखान्यांच्याच कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे प्रश्न अगदी रोजचा आहे. कडक कोण आणि मऊ कोण, हे बाजूला ठेवा. आधी बघा, बंधन येतंय कुठून? बोलणारा स्वतः जोर देऊन सांगतोय तर मस्ट. परिस्थिती किंवा नियमामुळे करावं लागतंय तर हॅव टू: 'आय हॅव टू पंच बाय सेव्हन', सातच्या आत पंच करावं लागतं. योग्य काय ते सांगायचंय, पण न केल्यास अडणार नाही, तर शुड. ठरलंय किंवा अपेक्षा आहे एवढंच, तर सपोज्ड टू. बोलण्यात या सीमा पुसट होतात, पण लिहिताना एवढं धरून चाला.

कारखान्याच्या कागदावर तर ठरलेलाच संकेत आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत प्रस्तावनेतच सांगितलंय: शॅल म्हणजे आवश्यकता, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. आयएसओच्या लेखन-नियमांत शॅलच्या जागी मस्ट वापरू नका असंही आहे. तुमचा ऑडिटर हेच डोक्यात ठेवून वाचतो. त्याच्या दृष्टीने शुड लिहिलेला गॉगल नाही घातला तरी चालेल. म्हणून साहेबांचं बरोबर आहे, पण 'सगळीकडे' नाही. जिथे खरोखर सल्लाच आहे तिथे शुड राहू द्या, नाहीतर उद्या प्रत्येक सल्ल्याचा पुरावा मागतील. पहिलं वाक्य: 'द ऑपरेटर शॅल चेक फाइव्ह पीसेस एव्हरी अवर'.

दुसऱ्या वाक्यासाठी मात्र थांबून लिहिते, कारण इथे माणसाच्या हाताचा प्रश्न आहे. 'उघडायचं आहे' याला आपण हॅव टू ओपन म्हणतो. मग 'उघडायचं नाही' म्हटलं की आपल्या तोंडी सहज येतं, 'यू डोन्ट हॅव टू ओपन द गार्ड'. याचा अर्थ होतो, उघडायची गरज नाही, वाटल्यास उघडा! होकारात मस्ट आणि हॅव टू जवळजवळ असतात, नकारात त्यांची फारकत होते. 'उघडता कामा नये' हे मस्ट नॉट किंवा शॅल नॉट. 'उघडावं लागत नाही' हे डोन्ट हॅव टू. सेफ्टीच्या पानावर डोन्ट हॅव टू शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, लिहिणाऱ्याला मनाई म्हणायची होती का?

तिसऱ्यातही जपा. मस्टचा भूतकाळ मस्ट हॅव नव्हे. 'द ऑपरेटर मस्ट हॅव चेक्ड द टॉर्क' म्हणजे 'तपासला असणार', हा आपला अंदाज झाला. कस्टमर विचारेल, अंदाज कशाला, रेकॉर्ड दाखवा. 'हॅड टू चेक' म्हणजे तपासावा लागला, आणि बहुधा तपासला. 'शुड हॅव चेक्ड' म्हणजे तपासायला हवा होता, तपासला नाही. तुम्हाला हेच म्हणायचंय. माणसावर बोट न ठेवता लिहायचं तर 'द टॉर्क वॉज सपोज्ड टू बी चेक्ड अॅट शिफ्ट स्टार्ट'.

लीड्सची_सून

ताईंनी सांगितलेला फरक मला इथे ड्रायव्हिंगच्या थिअरी टेस्टचा अभ्यास करताना नीट दिसला. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये मस्ट आणि मस्ट नॉट मोठ्या अक्षरांत छापतात. ते मोडलं तर कायद्याने गुन्हा. शुड असेल तिथे तेवढ्यावरून खटला भरत नाहीत, पण अपघात झाला तर कोर्टात तेच तुमच्या विरुद्ध पुढे करता येतं. त्यामुळे शुड म्हणजे सोडून द्या, असंही नाही.

आणि एक, हॅड बेटर जपून वापरा. 'बेटर' दिसतो म्हणून आपल्याला तो नम्र वाटतो, पण 'यू हॅड बेटर सेंड इट टुडे' मध्ये 'नाहीतर बघा' दडलेलं असतं. कस्टमरला कधीच लिहू नका.

वकील_तालुक्याचे

शॅल म्हणजे न केल्यास शिक्षा, असं कुणी समजू नये म्हणून लिहितो. संविधानातलं कलम ५१क घ्या. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली, तिथे इंग्रजीत शब्द आहेत 'इट शॅल बी द ड्यूटी ऑफ एव्हरी सिटिझन'. शॅल आहे, पण त्या कलमात शिक्षा नाही. शिक्षेसाठी वेगळा कायदा लागतो, जसा राष्ट्रध्वजाच्या अवमानाबद्दल १९७१ चा आहे. शिवाय कायद्यातला शॅल बंधनकारक की केवळ मार्गदर्शक, हे न्यायालयं सगळा संदर्भ पाहून ठरवतात. तुमच्या कागदावर शॅल लिहा, पण न पाळल्यास काय होईल तेही पुढच्या ओळीत लिहा. 'गॉगलशिवाय मशीन चालू करू दिलं जाणार नाही' एवढं पुरतं.

चाकणचा_क्वालिटीवाला

ताई, डोन्ट हॅव टू शोधलं. ग्राइंडिंगच्या पानावर एक सापडलं, 'डोन्ट हॅव टू रिमूव्ह द व्हील गार्ड'. मनाईच म्हणायची होती, लगेच शॅल नॉट करून पान बदललं. मराठी पानावर 'काढायचा नाही' होतं, त्यामुळे ऑपरेटर लोकांचा गोंधळ नव्हता.

एक शेवटचं. कस्टमरकडून ड्रॉइंगची नवी आवृत्ती शुक्रवारपर्यंत मागवायची आहे. 'यू मस्ट सेंड' उद्धट वाटतं, 'काइंडली शुड सेंड' चुकीचं वाटतं.

भाषांतरवाली_ताई

दोन्ही नकोत. बंधन त्यांच्यावर न टाकता आपली गरज सांगा: 'वी नीड द रिवाइज्ड ड्रॉइंग बाय फ्रायडे टू स्टार्ट द ट्रायल ऑन मंडे'. कारण दिलं की जोर आपोआप येतो. आणि ग्राइंडिंगच्या त्या पानाच्या जुन्या प्रती मशीनवरून काढून घ्या, नुसती फाइल बदलून भागणार नाही.